थांबा, अजून संपलं नाही! एका घरातल्या रोजच्या नाट्यप्रयोगाचं प्रकरण

पार्श्वभूमी

डोंबिवली पूर्वेला तिसऱ्या मजल्यावरचं घर, हॉल आणि दोन खोल्या. आई बँकेत. बाबा अंधेरीला, एका खासगी कंपनीत हिशेबाच्या कामात. मेट्रोने घाटकोपर, तिथून लोकल, असं करत दारात पाय ठेवेपर्यंत सव्वाआठ होतात. मोठी सात वर्षांची, दुसरीत. धाकटा चार वर्षांचा, बालवर्गात. आजी, म्हणजे बाबांच्या आई, वर्षातले सहा-सात महिने इथे आणि उरलेले गावी. घरच्यांची परवानगी घेऊन लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदललेत आणि नावं मुद्दाम दिलेली नाहीत, मोठी आणि धाकटा एवढंच म्हणेन.

मी स्वतः समुपदेशक नाही. बरीच वर्षं बालवाडीत शिकवलं आणि आता शनिवार-रविवारी लहान मुलांचं नाट्यशिबिर घेते. हे आई-बाबा माझ्याकडे आले ते मुलीचं नाव घालायला. निदान तसं म्हणत तरी आले.

अडचण

पाचच मिनिटांत आईने खरं ते सांगून टाकलं. "ताई, आम्ही वाईट आई-बाप आहोत का? आम्हाला ते बघवत नाही."

'ते' म्हणजे रोज रात्री साडेआठचा प्रयोग. हॉलच्या खिडकीची जाळी ते कपाटाची मूठ अशी आईची ओढणी बांधलेली, तो पडदा. सोफ्याच्या उशा म्हणजे किल्ला, कधी दवाखाना, कधी भाजी मंडई. तिकिटं जुन्या दिनदर्शिकेच्या पानांची, कात्रीने वेडीवाकडी कापलेली. दर दहा रुपये. बाबांना वीस, कारण "तू उशिरा येतोस." नाटकात एक राणी असते आणि एक राक्षस असतो. राणी मोठी, राक्षस धाकटा. राक्षसाला मरायला फार आवडतं, त्यामुळे तो मरतो, उठतो आणि पुन्हा मरायला तयार होतो. मग भांडण. मग रडारड. मग "परत पहिल्यापासून."

बाबांनी एकदा घड्याळ लावून पाहिलं होतं, त्या दिवशी बावन्न मिनिटं झाली. तोवर पोळ्या गार, भाजी गार. धाकट्याच्या डोळ्यांवर झोप आणि सकाळी सात सत्तावीसची लोकल डोक्यावर. दोघं 'वा, छान, झालं ना आता?' असं म्हणून उठू पाहायची आणि पडद्यामागून ठरलेली आरोळी यायची, "थांबा, अजून संपलं नाही!"

मुलं काही चुकीचं करत नाहीत हे दोघांनाही कळत होतं, त्रास खरा त्याचाच होता. मूल खोडी काढत असेल तर निदान रागवता येतं. प्रेमाने तिकीट हातात ठेवणाऱ्या मुलीवर काय म्हणून रागवायचं? आईने मान खाली घालून सांगितलं, की गेले काही दिवस ती बँकेतून सुटल्यावर भाजीच्या निमित्ताने स्टेशनबाहेर दहा मिनिटं उगाच रेंगाळते.

मी जाऊन बसले तो दिवस

दोन वेळा नुसतं ऐकून घेतल्यावर मी म्हटलं, मला एक प्रयोग बघू दे. गुरुवारी गेले. तिकीट पंधरा रुपये पडलं ('पाहुण्यांना मधला दर').

वही घेऊन कोपऱ्यात बसले. एकूण अडतीस मिनिटं चाललं. त्यात ज्याला नाटक म्हणता येईल ते फार तर अकरा मिनिटं. मग बाकीची सत्तावीस गेली कुठे?

निम्मा वेळ सूत्रसंचालनात. मोठी हातात लाटणं धरून उभी राहते आणि सुरू होते, "नमस्कार, आजच्या कार्यक्रमाला आपण सर्व मोठ्या संख्येने उपस्थित राहिलात..." प्रेक्षक चार, त्यातले एक मी. मग मान्यवरांचा सत्कार. बाबांच्या खांद्यावर नॅपकिन आणि हातात बटाटा. नारळ आजीने दिला नव्हता. मग आजींचे दोन शब्द. मग प्रायोजकांचे आभार, त्यात खालच्या किराणावाल्याचंही नाव. सोसायटीच्या गणपतीत दहा दिवस तिने जे पाहिलं तेच ती इमाने इतबारे करत होती. मुलांची नाटकं लांबतात म्हणून आपण कुरकुरतो, पण लांबवायचं कसं हे ती मोठ्यांच्याच कार्यक्रमांत शिकतात. भाषण संपवताना 'शेवटी एवढंच सांगतो' म्हणून पुढे वीस मिनिटं बोलणारा माणूस त्या मुलीने माझ्याइतकाच जवळून पाहिला आहे.

माझी वही भरली ती दुसऱ्याच गोष्टीने. मोठी सात वेळा थांबली आणि मागून पुन्हा सुरू केलं. मी दर वेळी आजूबाजूला पाहिलं. सातपैकी पाच वेळा त्याच्या क्षणभर आधी प्रेक्षकांतलं कोणीतरी दुसरीकडे पाहिलं होतं. बाबांचा फोन उजळला. आईने ओट्यावर झाकण आहे का पाहिलं. आईने बाबांकडे पाहिलं, तो नवरा-बायकोचा 'अजून किती' असा कटाक्ष. ओढणी पातळ होती. पडद्यामागून तिला सगळं दिसत होतं.

एका संध्याकाळच्या टिपणावरून सिद्धांत मांडू नये हे मला कळतं. पण शिबिरात मी हे अनेकदा पाहिलंय. मूल वाक्य विसरलं म्हणून थांबत नाही, समोरचा गेला म्हणून थांबतं, आणि तो परत यावा म्हणून मागून सुरू करतं. प्रयोग लांबतो म्हणून आई-बाबांचं लक्ष उडतं, असं ते समजत होते. मला त्या घरात उलट दिसलं, लक्ष उडत होतं म्हणून प्रयोग लांबत होता. आणि 'वा, छान' हे शब्द नेमके त्यांचं लक्ष उडालेलं असताना तोंडातून निघत होते. सात वर्षांच्या मुलीला एवढं कळतं.

पर्याय

आम्ही चौघं, म्हणजे आजींसह, एका रविवारी बसलो.

बाबांच्या मनात पहिल्यापासून शिबिर होतं. शनिवारी दोन तास तिथे हौस फिटेल, घरी शांतता. माझी फी मिळाली असती, पण मी नको म्हटलं, आणि ते मोठेपणाने नव्हे. मराठीत बालरंगभूमीची परंपरा मोठी आहे. सुधा करमरकरांनी १९५९ मध्ये 'लिटल थिएटर' उभं केलं ते मुलांना मोठ्यांच्या तोलामोलाचं, नेपथ्य-प्रकाशासह नीट बांधलेलं नाटक बघायला मिळावं म्हणून. माझ्या शिबिरात मुलं संहिता पाठ करतात, तालीम करतात. पण ओढणीमागचं जे चाललं होतं ते या दोन्हींत बसत नाही. ते भातुकलीच्या जवळचं. भातुकली शिकवायचा वर्ग कोणी काढत नाही.

आजींचा पर्याय साधा होता: "मी बघते की. तुम्ही जेवून घ्या." आजी खरोखर बघायच्या, अगदी रंगून. पण मोठीला आजीची गर्दी नको होती. आजी दुपारभर होतीच. तिला सव्वाआठला येणारा प्रेक्षक हवा होता.

रोजचं बंद करून फक्त रविवारी ठेवायचं, हा आईचा पर्याय. माझ्या मते यात गैर काही नाही. थकलेल्या माणसाने 'आज नाही' म्हणणं हा त्याचा हक्क आहे आणि मुलांनी ते ऐकणं वाईट नाही. मात्र आई स्वतःच म्हणाली, "मी सांगेन रविवारी, आणि सोमवारी ती तिकीट घेऊन उभी राहील, आणि मी बसेन."

चौथा पर्याय त्यांनी मला न विचारता आधीच करून पाहिला होता: 'पंधरा मिनिटांत संपवलंस तर चॉकलेट.' तो फसला होता. बाबा आकड्यांतले. त्यांनी विचारलं, "यावर कोणी अभ्यास केलाय का?" केलाय. अमेरिकेत लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी १९७३ मध्ये तो प्रसिद्ध केला. चित्रं काढायची मुळातच आवड असलेल्या बालवाडीतल्या मुलांपैकी काहींना आधीच सांगितलं, की चित्र काढलंत तर प्रशस्तिपत्र मिळेल. आठवड्या-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळात पाहिलं तर हीच मुलं चित्रांकडे इतरांपेक्षा कमी वळत होती. ज्यांना बक्षीस अचानक मिळालं त्यांचं तसं झालं नाही. बाबा म्हणाले, "म्हणजे चॉकलेट देत राहिलो असतो तर नाटक आपोआप बंद पडलं असतं?" सगळे हसलो. पण आई लगेच म्हणाली, "नको. तसं नको." माझ्या लेखी या प्रकरणातला पहिला खरा निर्णय तो. नाटक संपवायचं नाही, त्याला आटोक्यात आणायचं.

पहिला उपाय: गजर

आणि इथे मी चुकले. मला तेव्हा वाटलं, वेळेचं कुंपण घातलं की झालं. फोनवर पंधरा मिनिटांचा गजर लावायचा, वाजला की पडदा. मोठी तयार झाली. तिला गजराचा सूर निवडायला मिळाला होता.

दोन दिवस चाललं. तिसऱ्या दिवशी राणी राक्षसाच्या गुहेत शिरत असतानाच गजर झाला. पुढे काय होतं ते तिलाही माहीत नव्हतं, तेच तर बघायचं होतं. ती जी रडली ती धाकट्यालाही रडवून थांबली. पाचव्या दिवशी फोन सापडेना. गजर सोफ्याच्या खालून कुठूनतरी बारीक ऐकू येत होता.

गजराने नाटक तुटतं, संपत नाही. हे मला आधी सुचायला हवं होतं. बालवाडीत मुलांचा खेळ घंटा वाजवून मोडू नये, आधी सांगावं, शेवटाकडे न्यावं, हे मीच नव्या शिक्षिकांना सांगत आले.

व्हिडिओ

याच आठवड्यात बाबांनी एक गोष्ट केली, निव्वळ कौतुकाने. बटाट्याचा सत्कार त्यांनी फोनवर टिपला आणि चुलत-मावस सगळ्यांच्या ग्रुपवर टाकला. हसून हसून डोळ्यांतून पाणी येणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. दुसऱ्या दिवशी पुण्याच्या काकांनी फोन करून मोठीलाच मागितलं आणि म्हणाले, "काय गं, आमचा सत्कार कांद्याने का?"

तिने फोन आजीकडे दिला. त्या रात्री ओढणी बांधली गेली नाही.

कोणी वाईट वागलं नव्हतं. काका तिचे लाडके. पण तिच्या दृष्टीने तो सत्कार खरा होता. बटाटा हा बटाटा नव्हता. ओढणीच्या या बाजूला बसलेल्या चौघांनी तो नारळ मानायचा, हा करार होता, आणि तिला न विचारता करार चाळीस माणसांसमोर उघडा पडला.

अकरा दिवस

अकरा दिवस प्रयोग झाला नाही. आईने मला नंतर सांगितलं, "पहिले दोन दिवस, खरं सांगू का, फार बरं वाटलं. गरम पोळी खाल्ली." मी हे मुद्दाम लिहिते आहे, कारण अशा प्रकरणांत आई-वडिलांचं हे वाक्य बहुतेक गाळलं जातं.

तिसऱ्या दिवसापासून धाकटा एकटाच फ्रिजसमोर मरू लागला. धप्पकन पडायचा, डोळे किलकिले करून बघायचा, उठायचा. राणी आतल्या खोलीत गृहपाठ करत असायची. आजींनी विचारलं तर म्हणायची, "मला नाटक येत नाही."

या टप्प्यावर आई-बाबांपुढे दोन वाटा होत्या. वाट बघायची, की आपण होऊन बोलायचं? मी बोला म्हटलं, पण नाटकाबद्दल नको. व्हिडिओबद्दल. बाबा रात्री तिच्याजवळ बसले. "मी तुला न विचारता ते पाठवलं. चुकलं माझं." ती म्हणाली, "पुसून टाक." पण 'सर्वांसाठी हटवा' याची मुदत केव्हाच उलटून गेली होती. बाबांनी ते लपवलं नाही. आपल्या फोनमधून तिच्यासमोर पुसलं आणि ग्रुपवर तिच्याच देखत लिहिलं, की कृपया हा व्हिडिओ काढून टाका, पुढे पाठवू नका. दोघा-तिघांनी 'अरे एवढं काय' असं लिहिलं. बाबांनी त्यावर वाद घातला नाही, पण आपलं वाक्य मागेही घेतलं नाही. ते तिने वाचलं. तिला आता वाचता येतं, हे घरातली मोठी माणसं बऱ्याचदा विसरतात.

कागद, ताटली आणि खिरापत

पुन्हा सुरुवात झाली ती स्वयंपाकघरात. शिकागोत विवियन पेली नावाच्या बालवर्गशिक्षिका होत्या. त्यांची एक पद्धत मी आईला सांगितली होती. मूल गोष्ट सांगतं, बाई ती शब्दशः लिहून घेतात आणि त्याच दिवशी वर्ग ती करून दाखवतो, मधोमध मोकळी जागा ठेवून. कोणती भूमिका आपण करायची हे गोष्ट सांगणाराच ठरवतो. आमच्या घरासाठी मी एक पुस्ती जोडली: गोष्ट एका पानाची. पान भरलं की गोष्ट संपली.

आईने कणीक मळून झाल्यावर हात धुतले, वही घेतली आणि म्हणाली, "त्या दिवशी गुहेत राणीचं काय झालं ते मला कळलंच नाही. सांगतेस? मी लिहून घेते."

बराच वेळ गप्प. मग:

'एक राणी होती. ती गुहेत गेली. तिथे राक्षस होता. राक्षस म्हणाला भूक लागली. राणी म्हणाली पोळी आहे पण गार आहे. राक्षसाने गार पोळी खाल्ली. मग तो मेला. मग तो उठला.'

शेवटचं वाक्य धाकट्याने दारातून ओरडून घातलं. मोठी म्हणाली, "लिही त्याचं." आईने 'गार पोळी' लिहिताना मान वर केली नाही.

हे नाटक तीन मिनिटांत झालं. ती सूत्रसंचालनाला उभी राहिली नाही, कारण पानावर ते नव्हतं.

पुढच्या आठवड्यात हळूहळू रीत बसत गेली. त्यातला बराच भाग माझा नाही. तीन घंटांची कल्पना बाबांची. शाळेत असताना ते वडिलांबरोबर कल्याणच्या अत्रे रंगमंदिरात नाटकाला जायचे. स्टीलची ताटली आणि चमचा. पहिली घंटा झाली की बाबांनी हातपाय धुवायचे. दुसरीला सगळ्यांचे फोन बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात, ती 'तिकीट खिडकी'. तिसरी घंटा झाली की कोणी उठायचं नाही, आणि मोठ्या माणसांना ही अट मुलांहून जड गेली. पहिल्या दिवशी बाबांचा हात चार वेळा खिशाकडे गेल्याचं आजींनी मोजलं.

'आज प्रयोग रद्द' अशी पाटीही तयार झाली. आई फारच दमलेली असेल तर पाटी लावायची आणि तिकिटांचे पैसे परत करायचे. मोठीला हा भाग इतका आवडला, की एकदा तिनेच स्वतःच्या मर्जीने प्रयोग रद्द करून सगळ्यांना पैसे वाटले. वार ठरले मंगळ, गुरू, शनि.

राहिला शेवट. पान संपलं तरी नाटकातून बाहेर कसं यायचं, हे मुलांना कळत नव्हतं. पडदा ओढला की ती दोघं मागे तशीच उभी राहायची. आजी म्हणाल्या, "आमचा भोंडला संपायचा कधी? खिरापत ओळखली की." नवरात्र नुकतंच झालं होतं. सोसायटीच्या अंगणात पाटावर हत्ती काढून मुलींनी फेर धरला होता, मोठीही होती. गाणी झाली, की झाकलेला डबा खुळखुळवायचा, आतलं काय ते सगळ्यांनी ओळखायचं, मग खायचं आणि घरी जायचं. तेच इथे लागू केलं. नाटक संपलं की राक्षस डबा घेऊन येतो. प्रेक्षकांनी ओळखायचं. शेंगदाणे-गूळ, चुरमुरे, कधी नुसती साखर. ओळखल्याशिवाय मिळत नाही, आणि ओळखायचं तर डब्याच्या आवाजाकडे लक्ष द्यावं लागतं. मी इतकी वर्षं या कामात आहे, मला हे सुचलं नव्हतं.

बोलण्याबद्दल एकच गोष्ट मी लावून धरली: 'छान' हा शब्द काही दिवस बाजूला ठेवा. म्यूलर आणि ड्वेक यांच्या १९९८ च्या प्रयोगात 'तू हुशार आहेस' अशी शाबासकी मिळालेली मुलं पुढे अवघड कोडं आलं की लवकर माघार घेत होती, मेहनतीचं कौतुक झालेली टिकून राहत होती. ती मुलं पाचवीतली, आमची दुसरीतली, तेव्हा जसंच्या तसं उचलायचं नाही. मी सांगितलं ते त्याहून साधं. जे पाहिलंत ते सांगा. बाबा एकदा म्हणाले, "राक्षस दुसऱ्यांदा उठला तेव्हा मी दचकलो." धाकटा आठवडाभर ते सगळ्यांना सांगत होता. यातली गंमत अशी, की पाहिलेलं सांगायचं म्हणजे आधी पाहावं लागतं.

वेगळं काय करता आलं असतं

गजराचं सांगितलंच. दुसरं, मी पहिल्या दोन भेटी आई-बाबांचं ऐकण्यात घालवल्या. मुलांसमोर आधी बसले असते तर गजर सुचलाच नसता.

व्हिडिओचा धोका मी बोलायलाच हवा होता. आजकाल कोणत्याही घरात अशा वेळी फोन वर येतो. 'पाठवू का?' हे मुलांना विचारायची सवय लागणं सोपं आहे, पण ती आधी लागायला हवी. इथे ती नंतर लागली. आजींचं मत वेगळं. त्या म्हणतात, मूल आहे, चार माणसं हसली तर हसू द्यावं, पुढे आयुष्यात हसणारे भेटणारच आहेत. आमचं यावर जमलेलं नाही.

धाकट्याकडे आम्हा सगळ्यांचंच दुर्लक्ष झालं, ही सर्वांत मोठी त्रुटी. प्रकरण मोठीचं समजून आम्ही बसलो. प्रत्यक्षात कित्येक भांडणं त्याला मध्येच खेळायला जायचं असायचं म्हणून व्हायची. राणी सोडायची नाही, मग तो चावायचा. 'राक्षसाला घरी जायची मुभा आहे' असा नियम आम्ही डिसेंबरात केला, तो पहिल्याच आठवड्यात करायला हवा होता. तो गेला की आजी राक्षस होतात. त्या मरत नाहीत, गुडघे दुखतात म्हणून बसल्या बसल्या शरण येतात.

आणि आई-बाबांचा कंटाळा. तो मी सुरुवातीला दोषासारखा हाताळला. तीच तीच गोष्ट चाळीसदा बघताना कंटाळा येणारच, तो यायला नको होता असं म्हणण्यात अर्थ नाही. त्यांना जागा करून द्यायची होती ती कंटाळा कबूल करायला, आणि ती 'प्रयोग रद्द'च्या पाटीने झाली, माझ्या सल्ल्याने नव्हे.

सध्या

हे लिहिताना प्रयोग आठवड्यातून दोनदा होतो, परीक्षा असली तर एकदा. बारा ते अठरा मिनिटं, खिरापतीसह. मध्यंतरी एकदा पुन्हा चाळीस मिनिटांवर गेला होता, त्या दिवशी बाबा बसल्या जागी झोपले. राणीने त्यांना उठवलं नाही. त्यांना किल्ल्याबाहेरचा झोपलेला पहारेकरी करून नाटक पुढे नेलं. पानावर नसलेलं पात्र घेतल्याबद्दल आईने हरकत घेतली, ती फेटाळण्यात आली. सूत्रसंचालनही परत आलं आहे, पण दोन वाक्यांत. सत्कार मात्र तिने पुन्हा केलेला नाही. एकदा बाबांनी स्वतःच टोपलीतून बटाटा आणून पुढे धरला, तर तिने तो उचलून परत टोपलीत ठेवला.

वरच्या मजल्यावरच्या दोन मुली आता नाटकात आहेत आणि त्यांच्या आया सोफ्यावर. त्यांचे फोन डब्यात कसे घालायचे, यावर घरात खलबतं चालू आहेत.

बाबांचा तिकिटाचा दर अजून वीसच आहे. थकबाकी फ्रिजवरच्या कागदावर लिहिलेली असते. मी गेल्या वेळी पाहिली तेव्हा तीनशे चाळीस होती. ते फोनवरून पाठवतो म्हणाले, तर रोखच पाहिजे असं उत्तर मिळालं. राक्षसाकडे स्कॅनर नाही.